वेचणीच्या दिवसांत वेळापत्रक मोडू द्या

ताई, पोरांना घरीच शिकवायचं ठरवलंत, तर वेळापत्रक जरूर करा. पण कापूस वेचणीत ते मोडलं म्हणून जीवाला लावून घेऊ नका. पोरांना वावरात न्या. कोणी किती किलो वेचला, मजुरी किती झाली, हे पोरालाच मांडू द्या आणि बायांसमोर मोठ्यानं वाचू द्या. चुकलं तर त्या लगेच सांगतात, आणि ते पोराला पक्कं लक्षात राहतं.

संध्याकाळी पावभर कापसातली सरकी हातानं काढून दोन्ही वेगळं तोला. रुई जेमतेम तिसरा हिस्सा भरते. टक्केवारी इथंच शिकवा, पुस्तकाआधी. मग सरकीचं काय होतं, हा प्रश्न येतोच. तेल, ढेप, गोठ्यातली गाय, गोष्ट कुठल्या कुठं जाते. हातच्या कामातून शिक्षण हा नई तालीमचा विचार गांधीजींनी 1937 मध्ये आपल्या वर्ध्यातच मांडला होता.

मात्र प्रत्येक क्षणाचा धडा करू नका. पोरगी सुगरणीचं घरटं बघत उभी असेल, तर प्रश्न विचारू नका, उभी राहू द्या.

दहावीसाठी एनआयओएस हे केंद्र सरकारचं मुक्त विद्यालय आहे. 14 वर्षं पूर्ण झाली की प्रवेश मिळतो. जन्मदाखला तेवढा आताच नीट करून ठेवा.