फोनचे ठिपके आणि तुमची चाळिशी

प्रश्न : ताई, माझं वय 52, शिक्षक आहे. नवा फोन घ्यायचाय. दोन पसंत पडलेत, दोन्ही साडेसहा इंची. एकाचा स्क्रीन 1080 बाय 2400, दुसऱ्याचा 1440 बाय 3200. दुसरा नऊ हजारांनी महाग. दुकानदार म्हणतो, रिझोल्यूशन जास्त म्हणजे डोळ्यांना त्रास कमी. मुलगाही त्याच्याच बाजूचा. सध्याच्या फोनवर ‘घ’ आहे की ‘ध’ हेच मला कळत नाही. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सर, नऊ हजार खिशात ठेवा आणि त्यातले थोडे चष्म्यावर घाला.

स्क्रीनवरचं चित्र बारीक ठिपक्यांचं (पिक्सेलचं) बनतं. 1080 बाय 2400 हे आकडे म्हणजे आडवे-उभे ठिपके. तुमच्या स्वस्त फोनवर इंचाला सुमारे 405 ठिपके बसतात, महागावर 540. आता डोळ्याला किती लागतात ते बघू. नजर तपासताना 6 मीटरवरून तुम्ही तक्ता वाचता ना, त्यातल्या 6/6 च्या, म्हणजे निकोप नजरेच्या ओळीतलं अक्षर जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर उंच असतं आणि त्याची रेघ पावणेदोन मिलिमीटर जाड. ती रेघ डोळ्याशी अंशाच्या साठाव्या भागाएवढा, म्हणजे एका मिनिटाचा कोन करते. सेंटिमीटरभर अंतरावरच्या दोन खुणा 34 मीटरवरून वेगळ्या ओळखण्याइतकीच ही नजर. हाच कोन 30 सेंटिमीटरवर धरलेल्या फोनला लावला, तर 0.087 मिलिमीटरहून बारीक ठिपका सुटा दिसत नाही. म्हणजे इंचाला 291 ठिपके झाले की पुरे.

जून 2010 मध्ये आयफोन 4 दाखवताना स्टीव्ह जॉब्ज यांनी हेच सांगितलं होतं : 10 ते 12 इंचांवर धरलेल्या फोनसाठी 300 च्या आसपास मर्यादा, आमचे 326. त्यावर रेमंड सोनेरा या डिस्प्लेतज्ज्ञांनी लगेच हरकत घेतली. उत्तम डोळा 0.6 मिनिटापर्यंत, म्हणजे 6/6 च्या रेघेच्या जवळजवळ निम्म्या कोनापर्यंत बारकावा पकडतो, तेव्हा 12 इंचांवर 477 हवेत, असं त्यांचं गणित. मला दोघंही बरोबर वाटतात; फक्त दोघांच्या मनातला डोळा वेगळा. माझ्या खुर्चीत बसणारी कॉलेजची मुलं 6/6 हून बारीक अशी 6/5 ची ओळ सहज वाचतात, एखादं 6/4 चीही. तुमच्या मुलाने फोन नाकाशी धरला, तर 405 आणि 540 मधला फरक त्याला कदाचित जाणवेल. शिवाय बऱ्याच ओएलईडी स्क्रीनवर लाल आणि निळे ठिपके हिरव्यांच्या निम्मेच असतात, तेव्हा जाहिरातीतला आकडा तसाही पूर्ण खरा नसतो. एवढं त्याचं म्हणणं मान्य.

पण फोन तुम्ही वापरणार आहात. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं आणि हात आपोआप लांब जातो. 40 सेंटिमीटरवर 6/6 च्या डोळ्यालाही इंचाला 218 ठिपके पुरतात. म्हणजे स्वस्त फोनमध्येच जवळजवळ दुप्पट आहेत. त्यापुढचे ठिपके तुमच्या डोळ्यापर्यंत पोचणारच नाहीत. बॅटरीपर्यंत मात्र पोचतील. 2017 मध्ये सॅमसंगचा गॅलॅक्सी एस8 आला. त्याच्या स्क्रीनची रुंदी 1440 ठिपक्यांची, पण कंपनीने तो 1080 वर लावूनच विकला. ज्याला हवं त्याने सेटिंगमध्ये जाऊन वाढवावं. हे सेटिंग ज्यांना ठाऊकच नव्हतं, त्यांच्यापैकी कुणी माझ्याकडे धूसर दिसतं म्हणून आलं नाही.

आता ‘घ’ आणि ‘ध’. आपल्या लिपीत बारकावे फार : अनुस्वाराचा टिंब, रफार, ‘ष्ट्र’सारखी गर्दी. जुन्या, विरळ ठिपक्यांच्या फोनवर ही जोडाक्षरं खरोखरच चिकटायची. तुमचा सध्याचा फोन तितका जुना नसेल, तर दोष दुसरीकडे आहे. आज रात्री चष्म्याशिवाय फोन नेहमीच्या अंतरावर धरा आणि मग हळूहळू लांब न्या. लांब नेल्यावर ‘ध’ची गाठ स्पष्ट झाली, तर चाळिशी लागली आहे किंवा असलेला नंबर बदललाय. भरपूर उजेडात वाचणं सोपं जात असेल तरी तेच. उजेडात बाहुली लहान होते आणि थोडा नंबर लपून जातो. नवा चष्मा लावूनही धूसरच दिसलं, तर चष्म्याच्या दुकानात न थांबता नेत्रतज्ज्ञाकडे जा, रक्तातली साखरही तपासा.

दुकानदाराचा ‘त्रास कमी’ हा शब्द मात्र मला खटकला. स्क्रीन बघताना पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. त्यावर रिझोल्यूशनचा काहीही इलाज नाही. दुकानाबाहेर येऊन भर उन्हात स्क्रीन वाचता येतो का, हे मात्र जरूर बघा. पैसे घालायचेच तर तिथे घाला.

प्रश्न : पुठ्ठ्याच्या व्हीआर (आभासी जग दाखवणाऱ्या) चष्म्यात फोन ठेवला की स्क्रीनवर जाळी दिसते. माझाही फोन 1080 बाय 2400 चाच आहे. बिघडलाय का?
– अकरावीतली वाचक, नागपूर

उत्तर : नाही गं. वरच्या हिशेबाने डोळ्याला दर अंशामागे 60 ठिपके लागतात. चष्म्यात प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला तुझ्या फोनची अर्धी लांबी येते, म्हणजे 1200 ठिपके, आणि भिंग ते साधारण 90 अंशांवर ताणतं. अंशामागे उरले 13. वरच्या सरांचा महागडा फोन घातलास तरी 18 च होतील. जाळी पुरती जायला एकेका डोळ्यासमोर आडवे 5400 हवेत.