घाण्याचं चित्र तेलाचा ट्रेडमार्क होऊ शकतं का?

बैल जुंपलेला लाकडी घाणा हा तुमचा लोगो, माल शेंगदाणा तेल आणि ट्रेडमार्क कार्यालयाच्या तपासणी अहवालात, म्हणजे एक्झामिनेशन रिपोर्टमध्ये, कलम ९(१)(ब) खाली चिन्ह वर्णनात्मक, म्हणजे मालाचं नुसतं वर्णन करणारं, असल्याचं ऑब्जेक्शन. वर्णनात्मक तर शब्द असतात, चित्र कसं असेल, असं तुम्ही विचारलंय. चित्रही असतं. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यानुसार जे चिन्ह फक्त मालाचा प्रकार, दर्जा, उपयोग किंवा उगमस्थान सांगतं, त्यावर कुणा एकाला हक्क मिळत नाही. मग तो शब्द असो वा चित्र. तुमचा घाणा पाहून गिऱ्हाइकाला कळतं की हे घाण्याचं तेल आहे. कुणाचं, ते कळत नाही. शेजारच्या गावातल्या तेलवाल्यानं डब्यावर घाणा काढायचाच नाही का? मला तरी ही हरकत रास्त वाटते.

'सिमला' हे सिगारेटचं नाव आणि सोबत बर्फाच्या डोंगरांची आकृती, असं एक प्रकरण १९७७ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयात गेलं होतं. गावाचं नाव म्हणून नोंदणी नाकारली गेली, डोंगरांच्या चित्रानं ते वाचलं नाही.

याउलट एशियन पेंट्स या रंगांच्या कंपनीच्या जाहिरातींतला गट्टू पाहा. आर. के. लक्ष्मण यांनी तो १९५४ मध्ये काढला. हातात रंगाचा डबा आणि ब्रश, म्हणजे धंदा चित्रात आहेच. पण लक्षात राहतो तो खोडकर पोरगा. तुमच्या चित्रात असं तुमचं स्वतःचं काय आहे? 'चित्रकाराकडून खास काढून घेतलंय' हा मुद्दा इथे चालत नाही. तो कॉपीराइटचा विषय, आणि त्यासाठी चित्रकाराकडून हक्क लेखी घेतलेत ना, ते आधी बघा.

दुसरी वाट वापराच्या पुराव्याची. अर्जाच्या तारखेआधीच लोक हे चित्र पाहून तुमचंच तेल ओळखत होते, असं बिलं, जाहिराती, विक्रीचे आकडे आणि प्रतिज्ञापत्र देऊन दाखवता आलं, तर ९(१) ची आडकाठी दूर होते. पण अर्जात 'वापर करण्याचा विचार आहे' असं लिहिलं असेल, तर या वाटेनं जाणं अवघड.

आणि घाणा मोटरवर चालत असेल तर बैल काढूनच टाका. नाहीतर प्रश्न ९(२)(अ) चा, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल होण्याचा येतो, आणि तिथे वापराचा पुरावा कामाला येत नाही.

मी तुमच्या जागी असते तर नुसत्या नावाचा वेगळा अर्ज केला असता, अर्थात ते नाव 'शुद्ध घाणा' छापाचं नसेल तर. नाव आणि चित्र एकत्र नोंदलं, तरी कलम १७ प्रमाणे हक्क मिळतो तो संपूर्ण चिन्हावर. त्यातल्या घाण्यावर वेगळा हक्क सांगता येत नाही. चित्र मुळातून बदलायचं असेल तर याच अर्जात दुरुस्ती चालणार नाही, नवा अर्ज करावा लागेल.

रिपोर्ट मिळाल्यापासून उत्तराला एकच महिना असतो. जुनी बिलं आजच काढायला घ्या.