वर्गणी काढ, पण बिलासाठी नको

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. लाकडावर नक्षी कोरणाऱ्या तुझ्या प्वेर्तो रिकोच्या गुरुजींची पटाशी निसटली, डाव्या तळहातातली कंडरा (टेंडन) तुटली, ब्राँक्समधल्या रुग्णालयात ऑपरेशन झालं आणि आता बिल येऊन पडलंय. तू त्याच रात्री वर्गणीचं पान तयार केलंस आणि आपल्या मंडळाच्या ग्रुपवर टाकायला निघालास. मुला, ते पान आज टाकू नकोस. वर्गणी काढायचीच आहे, पण बिलासाठी नाही.

मी न्यू जर्सीत रुग्णालयाच्या बिलिंग विभागातूनच निवृत्त झालो, म्हणून सांगतो. इन्शुरन्स नसलेल्या माणसाच्या हाती पडणारं पहिलं बिल म्हणजे फॅशन स्ट्रीटवरचा पहिला भाव. भली माणसं तोच भाव चुकवायला वर्गणी काढतात. जमलेले पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात आणि पुढच्या महिन्यात घरभाडं थकलं की त्याच लोकांकडे परत मागायला तोंड राहत नाही.

उद्या फोन करून दोनच गोष्टी माग: बाबवार बिल आणि फायनान्शियल असिस्टन्सचा, म्हणजे कमी उत्पन्नामुळे बिलात सवलत मागण्याचा, अर्ज. रुग्णालय ना-नफा असेल तर अशी सवलत ठेवणं त्यांना केंद्राच्या कायद्याने बंधनकारक आहे. घरी सोडल्यानंतरच्या पहिल्या बिलापासून 240 दिवसांपर्यंत त्यांना अर्ज घ्यावाच लागतो आणि पहिले 120 दिवस कोर्टकचेरीसारखी कडक वसुली करता येत नाही. न्यूयॉर्कने तर ऑक्टोबर 2024 पासून सवलतीची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या चौपट उत्पन्नापर्यंत नेली आहे. मात्र सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांची बिलं बहुधा वेगळी येतील. सवलत कोणाकोणाच्या बिलाला लागू आहे याची यादी रुग्णालयाला ठेवावी लागते, ती माग. आणि तोवर गुरुजींना क्रेडिट कार्डावर एक डॉलरही भरू देऊ नकोस. एकदा कार्डावर गेलं की ते रुग्णालयाचं देणं राहत नाही, बँकेचं कर्ज होतं, आणि बँकेला तुझ्या सवलतीशी देणंघेणं नसतं.

त्याच्या जोडीनेच मेडिकेडचा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचा, अर्ज. प्वेर्तो रिकोची माणसं 1917 पासून अमेरिकी नागरिक आहेत, त्यामुळे व्हिसा-ग्रीनकार्डाची आपली नेहमीची भानगड इथे नाही. गुरुजी पासष्टच्या आतले आहेत आणि एकटे राहतात. अशा माणसाचं वार्षिक उत्पन्न 2025 च्या हिशेबाने साधारण 21,600 डॉलरच्या आत असेल तर ते बसतात. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांचा खर्चही मागता येतो, म्हणजे ऑपरेशनसुद्धा. 2027 पासून ही मागची मुदत एका महिन्यावर येणार आहे. चालढकल करू नकोस.

खरी मारामारी होईल ती उत्पन्नाच्या पुराव्यावर. हातकाम करणाऱ्याकडे पगाराची स्लिप कुठून येणार? माझ्या टेबलावर असे अर्ज यायचे: कोपऱ्यात 'कॅश' लिहिलेलं, खाली सही, बाकी कोरं. ते परत जायचे आणि माणूस कंटाळून सोडून द्यायचा. तू एका संध्याकाळी गुरुजींच्या शेजारी बस. त्यांची वही असेलच, कुठल्या जत्रेत काय विकलं, कोणत्या शाळेत कार्यशाळा घेतली. महिन्यावार एक पान कर. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च: लाकूड, स्टॉलचं भाडं, धारेचा दगड, सँडपेपर, गाडीभाडं. हिशेबात धरतात ती खर्च वजा जाता उरलेली रक्कम, आणि ती पाहून गुरुजी स्वतःच चकित होतील. वही स्पॅनिशमध्ये असली तरी अडत नाही. रुग्णालयात दुभाषा फुकट मिळतो, तो मागून घे. तू दुभाषा होऊ नकोस. त्यांना तुझ्यासमोर बोलायला लाज वाटेल अशाही गोष्टी निघतात.

आता वर्गणी. शिवलेल्या कंडरेवर पहिले काही आठवडे स्प्लिंट, म्हणजे हात हलू न देणारा कडक आधार, असतो आणि जोर लावून काही धरायला साधारण तीन महिने लागतात. लाकडावर पटाशी चालवण्याइतका हात तयार व्हायला त्याहूनही जास्त. या काळात हाताची थेरपी चुकली तर बोटं आखडतात आणि ऑपरेशन चांगलं होऊनही फुकट जातं. तेव्हा पैसे मागायचे ते भाडं, थेरपीला जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडालेली कमाई यांसाठी. गोफंडमी या वर्गणीच्या साइटवर पैसे थेट त्यांच्या खात्यात जातील असं लाभार्थी म्हणून त्यांचंच नाव टाक, तुझ्या खात्यात एक सेंट नको. आधी एक विचारून घे: त्यांना एसएसआय, म्हणजे गरीब वृद्ध-अपंगांसाठीचा सरकारी मासिक भत्ता, मिळतं का? मिळत असेल तर खात्यात 2,000 डॉलरच्या वर शिल्लक गेली की ते बंद पडू शकतं आणि तुझी मदत त्यांनाच महागात पडेल. तसं असेल तर पान उघडण्याआधी मोफत कायदा मदत केंद्रात जा. हस्तकलाकारांसाठी सर्फ प्लस नावाची संस्था 1985 पासून आहे, ती अपघातात सापडलेल्या कारागिरांना मदत देते. तिथेही अर्ज कर.

तू लिहिलेला मजकूर मात्र मला पटला नाही. 'नामशेष झालेल्या जमातीचा शेवटचा कारागीर' हे काढून टाक. गुरुजींचे ताइनो लोक, म्हणजे कॅरिबियन बेटांवरचे मूळ रहिवासी, सोळाव्या शतकातच संपले असं पुस्तकांनी लिहून ठेवलं होतं. 2018 मध्ये बहामातल्या जुन्या दाताच्या डीएनएने दाखवलं की आजच्या प्वेर्तो रिकोच्या लोकांत तो वारसा आहे. गुरुजी जिवंत आहेत, त्यांना लोकांपुढे मेलेल्यांत काढू नकोस. 'नेटिव्ह अमेरिकन कला' असंही लिहू नकोस. ताइनोंना केंद्राची मान्यता नाही. त्यामुळे आदिवासींसाठीची सरकारी आरोग्यसेवा त्यांना मिळत नाही, आणि आदिवासी कलावस्तूंच्या विक्रीबद्दलच्या 1990 च्या कायद्यानुसार त्या नावाखाली वस्तू विकणं गुन्हा ठरू शकतो. मान्यता न देणारेच वर नावाला हरकत घेतात, हे मला चीड आणणारं वाटतं, पण त्याचा दंड गुरुजींना व्हायला नको. ते काय बनवतात तेच लिही: कासिकांचे, म्हणजे ताइनो सरदारांचे, नक्षीदार बुटके आसन, दुहो. ब्रिटिश म्युझियममध्ये डोळ्यांत सोनं जडवलेला एक दुहो आहे, ग्वायाकान नावाच्या झाडाच्या लाकडाचा. इतकं जड लाकूड की पाण्यात बुडतं. तसल्या लाकडावर काम करणारा हात सध्या स्प्लिंटमध्ये आहे, एवढं पुरे. शेवटचा मजकूर त्यांना वाचून दाखव आणि ते म्हणतील तो शब्द काढ.

घरातल्या तयार वस्तू विकून पैसे उभे करायची तुझी कल्पना चांगली आहे, त्यात त्यांना कुणापुढे हात पसरावा लागत नाही. फक्त ग्वायाकानची वस्तू पुण्याच्या तुझ्या आत्याला पाठवायची असेल तर आधी सायटीसचे, म्हणजे दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे, नियम विचार, ते झाड संरक्षित यादीत आहे. इथल्या इथे विकलीस तर ही कटकट नाही.

बाबवार बिल आलं की फोटो पाठव. ओळ न ओळ बघतो आणि चढवलेलं काही दिसलं तर काय बोलायचं ते फोनवर सांगतो. सकाळी दहानंतर केव्हाही कर.

तुझा,
काका