पिस्तुलाच्या काडतुसाची पहिली रायफल: लिव्हर की बोल्ट?

पहिली रायफल लिव्हरची (खालचा दांडा खाली-वर करून पुढचं काडतूस भरणारी) घ्यावी की बोल्टची (बाजूची मूठ मागे-पुढे ओढून भरणारी), असं तुम्ही विचारलंत. तुम्ही .३५७ मॅग्नम या पिस्तुलाच्या काडतुसापासून सुरुवात करताय, ही निवड उत्तम. त्याच रायफलीत .३८ स्पेशल हे कमी जोराचं काडतूसही चालतं; धक्का आणि आवाज कमी, सरावाला छान. उलट मात्र कधीच नाही: .३८ च्या बंदुकीत .३५७ घालायचं नाही.

माझं मत विचाराल तर लिव्हर घ्या. ही काडतुसं साधारण शंभर मीटरपर्यंतच खरी कामाची, त्यापुढे गोळी झपाट्याने खाली येते. म्हणजे बोल्टच्या अचूकतेचा फायदा इथे फारसा उरत नाही. लिव्हर झटपट चालते आणि डावखुऱ्यांनाही सोयीची. दुर्बीण लावून, बाकावर टेकून सावकाश नेम धरण्यातच तुम्हाला आनंद असेल, तर बोल्ट खुशाल घ्या. काढता येणारं मॅगझिन (काडतुसं साठवणारा भाग) असेल तर बोल्ट रायफल रिकामी करणंही सोपं.

नवशिके हमखास चुकतात ते इथे:

- लिव्हर अर्धवट ओढतात. पूर्ण खाली, पूर्ण वर, न घाबरता. अर्धवट ओढली की काडतूस अडकतं.
- लिव्हर रायफलीच्या नळीच्या मॅगझिनमध्ये, जिथे काडतुसं एकामागे एक बसतात, टोकदार गोळ्या भरतात. तिथे एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर (बुडाशी असलेल्या, आघाताने पेटणाऱ्या भागावर) टेकतं आणि धक्क्याने स्फोट होऊ शकतो. चपट्या टोकाच्याच घ्या.
- मॅगझिनची नळी रिकामी केली की झालं, असं समजतात. चेंबर (झाडायचं काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी बघा, बोटानेही चाचपा. दर वेळी.

दुर्बीण, चाप हलका करणं वगैरे सध्या राहू द्या. आधी उघड्या साइटवर (बंदुकीवरच्या नेम धरायच्या साध्या खुणांवर) पन्नास मीटरला हात बसवा.