आधी चिठ्ठी लिही

प्रिय मुली,

दगडाचे फोटो मिळाले. खाली एकच प्रश्न, "काका, कितीला जाईल?" भाव मी सांगणार नाही. दगड कुठल्या खाणीतला, हे तू लिहिलेलंच नाहीस.

मोरपिशी झाकेचा निळा रंग, सुयांसारख्या स्फटिकांचे दाट गेंद, खाली पांढरं स्टिल्बाइट हे खनिज. बहुधा कॅव्हन्साइट हे निळं खनिजच. तुझा मित्र पेंटागोनाइट, म्हणजे त्याचं भावंड खनिज, म्हणतोय, तेही अशक्य नाही. दोन्हींत घटक तेच, कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिका आणि पाणी. अणूंची मांडणी तेवढी निराळी. पेंटागोनाइटचे स्फटिक काट्यांसारखे सुटे असतात आणि जुळ्या स्फटिकाचं टोक भिंगाखाली पाच पाकळ्यांच्या ताऱ्यासारखं दिसतं. पक्की खात्री क्ष-किरण तपासणीनेच होते. सुईने मात्र खरवडू नकोस! काठिण्य दहापैकी जेमतेम ३ ते ४. गेंद मोडला की मोडला.

गेंदाचं बूड नीट बघ. सुटे गेंद स्टिल्बाइटवर चिकटवून विकणारे आहेत. खरा गेंद स्फटिकांच्या फटीतून वर आलेला दिसतो. चिकटवलेल्याच्या बुडाशी गोंदाची चकचकीत कड राहते, अतिनील दिव्याखाली पुष्कळदा ती उजळते.

हे झालं दगडाचं. पण दगड कुठून, कधी आला हे सांगणारी चिठ्ठी? कॅव्हन्साइट अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये पहिल्यांदा सापडलं, तरी जगभरचे संग्राहक त्याच्यासाठी नाव घेतात ते आपल्या पुण्याजवळच्या वाघोलीचं. वाघोली म्हणजे काय एकच खड्डा आहे? कुठली खाण, तारीख काय, सोबतचं खनिज ह्यूलँडाइट होतं की कॅल्साइट, सगळं लिही. पुणे तिकडे कसं पसरतंय ते तू रोज बघतेस. खाण बुजून वर इमारत उभी राहिली की विचारायचं कुणाला?

मला हेकट म्हणतात. गिऱ्हाईक रंग घेतं, कागद नाही, असं व्यापाऱ्यांनी किती वेळा ऐकवलं. तरी बिनचिठ्ठीचा दगड मी फुकटसुद्धा घेतला नाही. त्यापायी देखणे नमुने गेले, एक जिवलग मित्रही दुरावला. त्याचं वाईट आजही वाटतं. पण आज अभ्यासाला मुलं येतात ती माझ्या कपाटाकडेच, कारण तिथला प्रत्येक दगड कुठून आला ते सांगता येतं.

गेंद सुटा करून पेंडंट करायचं खूळ तर सोडूनच दे. इतकं मऊ आणि ठिसूळ खनिज दागिन्यात टिकत नाही, आणि दगडापासून सुटलं की त्याची निम्मी ओळख गेली.

दगड मागणाऱ्या व्यापाऱ्याला थांबव. ज्या डंपरवाल्या दादांनी तुला हा दगड दिला, त्यांना आजच फोन कर. खाणीचं नाव त्यांना आठवतंय तोवर लिहून घे.

तुझा,
काका