स्टेशनजवळचा फ्लॅट की शीळ रोडवरचा? हिशोब बसवर अडलाय

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की डोंबिवली स्टेशनपासून चालत अंतरावरच्या जुन्या बिल्डिंगमधल्या वन बीएचकेसाठी ५० लाख लोन लागेल आणि कल्याण-शीळ रोडवरच्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये ४० लाखात भागेल. तुम्हा दोघांनाही रोज लोकल पकडायचीय आणि ब्रोकर म्हणतोय गेटवरून बस आहे, काही टेन्शन नाही.

लांबचा घ्या असं माझं मत आहे, पण ब्रोकरच्या शब्दावर नाही.

८.५ टक्के व्याज आणि २० वर्षं धरली तर ५० लाखाचा हप्ता साधारण ४३,३९१ आणि ४० लाखाचा ३४,७१३, म्हणजे महिन्याला ८,६७८ चा फरक. हा आकडा बघून माणूस खूश होतो आणि तिथेच थांबतो. तुम्हीच लिहिलंय की नव्या ठिकाणी मेंटेनन्स ४,२०० आणि जुन्यात १,५००, मग २,७०० तिथेच गेले, उरले जेमतेम ६,०००. आता स्टेशनला जायचं कसं यावर या सहा हजाराचं काय होणार ते ठरतं. शेअर रिक्षाला माणशी ३० धरले तर दोघांचं जाऊन-येऊन २५ दिवसांचे ३,००० होतात, बसने गेलात तर त्याच्या निम्म्यात भागेल. आणि बस वेळेवर येत नाही म्हणून वैतागून दुसरी स्कूटर घेतलीत तर लाखाचं लोन ३ वर्षांसाठी ११ टक्क्याने काढलं तरी हप्ता ३,२७४, वर पेट्रोल, स्टेशनबाहेरचं पे अँड पार्क, इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, म्हणजे ते सहा हजार जवळपास संपलेच की. लांब राहून गर्दीही सोसायची आणि हातात काही उरायचं नाही, असं मला तुमच्या बाबतीत होऊ द्यायचं नाहीये.

म्हणून बजेट रिक्षाचंच धरा. बस मिळाली तर तो बोनस.

टोकन (बुकिंगची आगाऊ रक्कम) द्यायच्या आधी एक काम नक्की करा, गेटवरची ती बस नेमकी कुणाची ते विचारा. केडीएमटीची (कल्याण-डोंबिवली पालिकेची) किंवा एनएमएमटीची (नवी मुंबई पालिकेची) असेल तर रूट नंबर घ्या आणि कामाच्या दिवशी रात्री तुमच्या परतायच्या वेळी स्टेशनच्या स्टॉपवर स्वतः उभ्या राहून बघा, सकाळची बस सगळेच सांगतात, खरा प्रश्न परतीच्या शेवटच्या बसचा असतो. रांगेतल्या बायकांना विचारा, त्या खरं सांगतील. आणि बिल्डरची शटल असेल तर जास्तच सावध राहा, कारण फ्लॅट विकले जाईपर्यंत ती बऱ्याचदा बिल्डर चालवतो, सोसायटी झाली की डिझेल-ड्रायव्हरचा खर्च मेंटेनन्समध्ये येतो आणि ज्यांच्याकडे गाड्या आहेत ते मीटिंगमध्ये म्हणतात आम्ही का भरायचे, मग बसच बंद. ॲग्रीमेंटमध्ये शटलबद्दल एक ओळ तरी आहे का बघा. मेट्रो-१२ चं (कल्याण-तळोजा मार्गाचं) काम त्या भागात चालू आहे हे खरंय, पण तिच्या नावावर आज भाव जास्त मागत असतील तर देऊ नका, चालू होईल तेव्हा बघू.

आता रिक्षा धरूनही जे ३,००० वाचतात ते खर्चात मिसळू देऊ नका, पहिल्या महिन्यापासून प्रीपेमेंटला, म्हणजे हप्त्याशिवाय जादा भरून लोन लवकर फेडायला, लावा. फ्लोटिंग रेटच्या (बदलत्या व्याजदराच्या) होम लोनला बँक त्यावर चार्ज लावू शकत नाही. दर महिन्याला ३,००० जादा भरले तर २० वर्षांचं लोन साडेसोळा वर्षांच्या आतच संपतं, बस चांगली निघाली आणि ४,५०० भरता आले तर सव्वापंधरा वर्षांच्या आत. फक्त बँकेला लेखी सांगा की हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा.

तुम्हाला ऑफिसमधून निघायला रोज नऊ वाजतात असं लिहिलंय. त्यानंतर स्टेशनला पोचता त्या वेळी बसही नाही आणि शेअर रिक्षाही भरत नाही असं दिसलं, तर मात्र माझं मत बदलतं, स्टेशनजवळचाच घ्या आणि भावात घासाघीस करा, जुन्या बिल्डिंगला तेवढी जागा असते.