विचारा सरांना: सायन्सची मुलगी आणि भूगोलाचा हट्ट

प्रश्न: मुलगी बारावी सायन्स पास झाली, बायोलॉजी ग्रुप. नीटचं जमलं नाही. आता भूगोल घेऊन बीए करते म्हणते. तिचे काका म्हणतात, सायन्सनंतर आर्ट्स म्हणजे पायरी उतरणं. इथल्या कॉलेजात बीएच आहे. बीएस्सी भूगोल हवं तर पुण्याला ठेवावं लागेल. आणि डिग्री आता चार वर्षांची झाली, हे खरं का?
– एक आई, कऱ्हाड

उत्तर: ताई, भूगोल हा दोन्ही घरचा पाहुणा. बीएलाही असतो, बीएस्सीलाही. माझी सगळी नोकरी हाच विषय शिकवण्यात गेली, आणि प्रॅक्टिकलच्या टेबलावर कोण कुठल्या शाखेचं ते मला कधी ओळखता आलं नाही. १:५०,००० चा टोपोशीट, म्हणजे डोंगर-नद्या-गावं दाखवणारा तपशीलवार नकाशा पसरायचा; त्यात दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. त्यावरच्या तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वीस-वीस मीटरनी चढत जातात. कागदाची पट्टी लावून एकेक रेषा टिपायची, आलेखावर उतरवायची, की डोंगराचा छेद उभा राहतो. तुमच्या दारात तर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि पूर्वेला वळतात. असा संगम बघायला आम्ही मुलांना गाडी करून आणायचो!

फरक पडतो तो जोडीच्या विषयांत. बीएस्सीला भूगोलासोबत विज्ञानाचे विषय येतात, बीएला इतिहास, अर्थशास्त्र वगैरे. पण नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या निवडीचा जादा विषय, आपल्या शाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. बीए करताना तिनं तिथं संख्याशास्त्र किंवा कॉम्प्युटर मिळतंय का ते बघावं. ‘सोपा पेपर’ म्हणून मैत्रिणी जे घेतील ते घेऊ नये.

पुण्याचा खर्च नुसत्या ‘एस्सी’ या अक्षरांसाठी करू नका. आधी इथल्या कॉलेजच्या भूगोल विभागात दुपारच्या वेळी जाऊन या. पूर्णवेळ प्राध्यापक किती? नकाशांचं कपाट उघडतं, की किल्ली सापडत नाही? कॉम्प्युटरवर क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर आहे का? ते फुकट मिळतं, त्यामुळे ‘ग्रँट आली नाही’ हे उत्तर चालवून घेऊ नका. हे सगळं धड नसेल, तर मात्र पुणे.

चार वर्षांचं अर्धं खरं. तीन वर्षांत १३२ क्रेडिट्स (प्रत्येक विषयाला ठरवून दिलेले अभ्यासाचे गुणांक) झाले की नेहमीची बीए हातात. चौथं वर्ष ऐच्छिक. ते केलं की १७६ क्रेडिट्सची ऑनर्स पदवी, आणि मग एमए एका वर्षात. तीन वर्षांवर थांबलेल्यांना एमएला दोन वर्षं. बेरीज पाचच. संशोधनासह ऑनर्स हवी असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, तेव्हा हा विचार तिसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं म्हणतात, ती सोय अडल्यानडल्याची. त्यावर बेत आखू नये.

काकांना एवढंच सांगा, की राज्यसेवेच्या फॉर्मवर पदवी कुठल्याही शाखेची चालते.